साखळी स्वस्त, माणूस महाग

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील मतिमंद स्त्रियांना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणण्यात आले आणि त्यांची गर्भाशये काढून टाकण्यास प्रारंभ झाला. अकरा शस्त्रक्रिया उरकल्यानंतर महिला संघटनांच्या निषेधामुळे शासनाला हा कार्यक्रम थांबवावा लागला. समर्थन करणाऱ्यांचे त्या वेळी म्हणणे असे होते की, या स्त्रियांना मासिक पाळीच्या काळात स्वतःची स्वच्छता राखता येत नाही, त्याचा त्यांना व त्यांची देखभाल करणाऱ्यांना त्रास होतो. शिवाय कोणी अत्याचार केलाच तर गर्भ राहण्याची भीती उरत नाही. यातील दुसरे कारण जितके उघडेवाघडे आहे तितके कोणत्याही टीकाकाराला मांडता आले नसते. शासनाच्या आश्रयास असलेल्या स्त्रीवर बलात्कार होईल हे गृहीत धरावयाचे, आणि उपाय म्हणून बलात्कार नव्हे तर त्याचा पुरावा अशक्य करून ठेवावयाचा!

त्या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले. स्त्रीचा स्वतःच्या शरीरावरील हक्क, वैद्यकीय नीती, संमती म्हणजे काय, या प्रश्नांची चर्चा झाली आणि ती व्हावयास हवीच होती. काही पालकांनी शस्त्रक्रियांची बाजू घेतली; आपल्यामागे या मुलीचे कोण करील या धास्तीत आयुष्य काढलेल्या आईबापांना दूषणे देणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते टाळले पाहिजे. परंतु पहिल्या कारणाची, म्हणजे 'देखभाल करणे जमत नाही' या विधानाची, आर्थिक तपासणी फारशी कोणी केली नाही. अशा स्त्रीची पाळीच्या दिवसांतील काळजी घेणे अशक्य नव्हते. असंख्य घरांतून आया आणि थोरल्या बहिणी ते करीत असतात. त्यासाठी एक समजूतदार बाई लागते, थोडा वेळ, पाणी, कापड आणि तीच गोष्ट दर महिन्याला नव्याने शिकविण्याची चिकाटी लागते. शासनाजवळ शस्त्रक्रियागृह होते, भूल देणारे होते, शल्यविशारद होते. नव्हती ती ही बाई. जी गोष्ट रोजच्या श्रमाने व्हावयाची ती एकदाच सुरी चालवून निकालात काढण्यात आली.

असहाय प्रौढांच्या निवासी संस्थांमध्ये जे जे क्रौर्य म्हणून उघडकीस येते त्याकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचा अर्थ लागू लागतो. डोक्याचा तुळतुळीत गोटा केला की उवा काढणारे हात वाचतात. सर्वांना एकाच मापाचा एकाच रंगाचा झगा घातला की कोणाचे कपडे कोणते हे लक्षात ठेवावे लागत नाही. दाराला बाहेरून कडी घातली की पहारा नको. संध्याकाळी सातला गुंगीची गोळी दिली की रात्रपाळीचा माणूस झोपू शकतो, किंवा त्याला नेमण्याचेच कारण राहत नाही. आणि साखळी तर एकदाच विकत घ्यावी लागते. अर्थशास्त्राच्या भाषेत ही सगळी श्रमबचतीची साधने आहेत. गिरणीमालक यंत्रमाग बसवितो तेव्हा तो विणकराचा द्वेष करतो असे कोणी म्हणत नाही. त्याला मजुरी वाचवावयाची असते. निवासगृहाचा चालकही पुष्कळदा दुष्ट नसतो. श्रम महाग आणि साखळी स्वस्त असेल, आणि साखळीची किंमत मोजावयास लावणारे कोणी नसेल, तर तो साखळी घेतो एवढेच.

कायद्याला हे अगदीच अपरिचित नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कोणत्याही रीतीने साखळदंड घालण्यास बंदी केली. सक्तीने मुंडण करू नये, स्वतःचे कपडे घालू द्यावेत, काम करून घेतल्यास मोबदला द्यावा, असे त्याने स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यानुसार वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया संबंधित व्यक्तीच्या मुक्त व माहितीपूर्ण संमतीवाचून करता येत नाही. अशा व्यक्तींच्या संस्थांना नोंदणीही बंधनकारक आहे. हे कायदे चांगले आहेत, ते मिळविण्यासाठी अनेकांनी झीज सोसली आहे. पण ते साधनांवर बंदी घालतात आणि ज्या टंचाईपोटी ती साधने वापरली जातात ती टंचाई जशीच्या तशी ठेवतात. साखळी काढली; तिच्या जागी बसावयाचा माणूस कोठे आहे?

हा माणूस म्हणजे किती माणसे, याचा हिशेब तिसरीतल्या मुलालाही करता येईल. आठवड्याचे तास १६८. एका कामगाराचा कायदेशीर आठवडा ४८ तासांचा. म्हणजे एखाद्या घरात अहोरात्र एक माणूस हजर ठेवावयाचा तर साडेतीन माणसे नेमावी लागतात. रजा, आजारपण, सणवार धरले तर चार. आता वीस रहिवाशांचे एक लहानसे घर घ्या. सकाळी तिघे, दुपारी दोघे, रात्री दोघे एवढी माफक योजना केली तरी आठवड्याला ४९ पाळ्या होतात. एक माणूस सहा पाळ्या करतो. म्हणजे आठांहून अधिक, आणि रजा धरून नऊ ते दहा काळजीवाहक हवेत. यात स्वयंपाकीण नाही, सफाई कामगार नाही, परिचारिका नाही, व्यवस्थापक नाही.

ही योजना उधळपट्टीची वाटत असेल तर सकाळचे दोन तास डोळ्यांसमोर आणावेत. वीसांपैकी बारा जणांना शौच, तोंड धुणे आणि आंघोळ यांसाठी मदत लागते असे समजू. एकाला पंचवीस मिनिटे धरली तर पाच तासांचे काम झाले. तिघे असतील तर पावणेदोन तासांत ते माणुसकीने उरकते. एकच असेल तर काय होते ते सांगावयास नको: बाराही जणांना अंगणात उघडे बसवून रबरी नळीने पाणी मारले जाते. नळी मारणारी बाई निर्दय आहे की दयाळू, या प्रश्नाला तेथे काही अर्थच उरत नाही. जेवणाचेही तसेच. मेंदूच्या पक्षाघाताने ज्याचे गिळणे बिघडले आहे त्याला भरविण्यास अर्धा तास लागतो, ताठ बसवावे लागते, घासाघासाला थांबावे लागते. तो अर्धा तास पाच मिनिटांत कोंबला की अन्न श्वासनलिकेत जाते. पुढे ताप येतो, न्यूमोनिया होतो आणि मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया एवढेच लिहिले जाते. काळजीवाहकांची संख्या लिहिण्यासाठी त्या दाखल्यावर रकाना नसतो.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. ज्याला बोलता येत नाही त्याचे दुखणे ओळखण्यास त्याला ओळखणारा माणूस लागतो. दाढ ठणकत असेल, चार दिवस शौचाला झाली नसेल, कान फुटला असेल, तर तो माणूस भिंतीवर डोके आपटतो, हात चावतो, ताट भिरकावतो. वर्षभर त्याच्यासोबत असलेली बाई म्हणते, याचे पोट बघा. दीड महिन्यापूर्वी लागलेली बाई म्हणते, हा पिसाळला. पहिलीमुळे रेचक मिळते आणि दुसरीमुळे गुंगीचे औषध, जे बद्धकोष्ठ आणखी वाढवू शकते. तेव्हा सेवेचा दर्जा म्हणून जे म्हणतात ते भिंतीच्या रंगात, अग्निशामक नळकांड्यात वा नोंदवह्यांच्या नीटनेटकेपणात नसते. ते पुरेशा हातांत असते आणि ते हात वर्षानुवर्षे तेच राहण्यात असते. तपासणीला येणारा अधिकारी मात्र नोंदवह्या पाहतो. त्याला दोष तरी काय द्यावा? त्याच्या प्रपत्रात तेवढेच विचारलेले असते, आणि तो दुपारी बाराला, कळवून येतो. पनवेलजवळच्या एका खाजगी संस्थेतील मतिमंद मुलींवरील लैंगिक अत्याचार २०११ साली बाहेर आले ते अशा नित्याच्या तपासणीतून नव्हे, उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या भेटीतून.

या सगळ्यावर मध्यमवर्गाचे एक आवडते उत्तर आहे: मोठ्या सरकारी संस्था वाईट, लहान घरगुती संस्था चांगल्या, तेथे आपुलकी असते. मोठ्या संस्थांविषयी हे खरे आहे. लहान संस्थांविषयी ते सिद्ध करावे लागेल. तामिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे दर्ग्याच्या आसपास अशीच लहान लहान खाजगी घरे उभी राहिली होती. मनोरुग्णांना त्यांचे कुटुंबीय श्रद्धेने तेथे आणून सोडत, चालक पैसे घेत. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांपैकी एका घराच्या झोपडीवजा निवाऱ्याला आग लागली. २८ माणसे मेली, कारण त्यांतील बहुतेकांना साखळीने बांधलेले होते. अशा गृहांना परवाना आवश्यक ठरविणारा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा त्यावेळी आठ वर्षे अंमलात होता. घर लहान होते म्हणून कोणी वाचला नाही. उलट लहान घरात साक्षीदार कमी असतात, एका माणसाच्या लहरीवर सर्व काही चालते, आणि एक कामगार आजारी पडला की निम्मी व्यवस्था कोसळते.

महाराष्ट्रातील लहान संस्था ज्यावर चालतात त्या दानाचाही विचार केला पाहिजे. वाढदिवसाला, वडिलांच्या श्राद्धाला, मुलाच्या परीक्षेच्या निकालाला लोक एक वेळचे जेवण देतात. श्रीखंड येते, जिलबी येते, फळे वाटली जातात, छायाचित्र निघते. हे दाते ढोंगी नसतात. परंतु आजतागायत कोणा दात्याने आपल्या मातोश्रींच्या स्मरणार्थ रात्रपाळीच्या काळजीवाहकाचा एक वर्षाचा भविष्य निर्वाह निधी भरल्याचा फलक कोठे लागलेला ऐकिवात नाही. दान वस्तूला मिळते, इमारतीला मिळते, श्रमाला मिळत नाही. कारण श्रमावर नाव कोरता येत नाही. परिणामी महिन्यातून तीनदा जिलबी आणि रात्री एकच बाई, अशी विचित्र अर्थव्यवस्था तयार होते. अनुदान दरडोई मिळते आणि उशिरा मिळते, हा भाग वेगळाच. दरडोई अनुदानात चालकाचे हित डोकी वाढविण्यात आणि हात कमी करण्यात असते हे समजण्यासाठी पदव्युत्तर शिक्षण लागत नाही.

या बाईला सगळे 'मावशी' म्हणतात. ती बहुधा जवळच्या खेड्यातील असते, विधवा किंवा टाकलेली असते, भूमिहीन घरातली असते. तिच्या वेतनाला वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. अंगणवाडी सेविकेपासून या मावशीपर्यंत मानधन या शब्दाने महाराष्ट्राचा किती पैसा वाचविला याचा हिशेब एकदा कोणीतरी मांडावयास हवा. मावशी म्हटलेल्या बाईने जादा तासांचा दर मागणे हे नात्याला बट्टा लावण्यासारखे मानले जाते. 'इथे नोकरी म्हणून येऊ नका, सेवा म्हणून या' हे वाक्य संस्थाचालक अभिमानाने सांगतात, आणि त्यांतील कित्येकांनी स्वतः खरोखरच सर्वस्व दिलेले असते. पण स्वतःच्या त्यागाचा अधिकार सर्वांना असला, तरी दुसऱ्याच्या, आणि तोही आपल्याहून दरिद्री बाईच्या, त्यागावर संस्था उभारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात 'उद्योग' या शब्दाची व्याख्या व्यापक केली, आणि संस्था धर्मादाय आहे एवढ्यावरून तिच्या पगारी नोकरांना कामगार कायद्यातून वगळता येणार नाही असा मार्ग मोकळा केला. १९८२ साली संसदेने हे दार पुन्हा लोटणारी दुरुस्ती केली. ती दुरुस्ती कधी अंमलात आणली गेली नाही. आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने धर्मादाय, सामाजिक व परोपकारी सेवा करणाऱ्या संघटनांच्या संस्था 'उद्योगा'तून सरळ वगळल्या आहेत, आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू करण्यात आली आहे. ज्या मावशीच्या हातात वीस जिवांचा श्वास आहे, तिला कामावरून काढल्यास औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाण्याचा रस्ता बंद झाला. तक्रार करणारी बाई प्रथम नोकरी गमावील, हे तिला आणि चालकाला दोघांनाही ठाऊक आहे. रहिवाशांना तर बोलताच येत नाही. तेव्हा आतली बातमी बाहेर आणणारी एकच वाट होती, तिच्यावर कायद्याने दगड ठेवला.

येथे उदारमतवादी अर्थतज्ज्ञ म्हणेल की, हा सर्व पैशाच्या अभावाचा परिणाम आहे. खाजगी भांडवल येऊ द्या, ग्राहकाला निवड करू द्या, दर्जा आपोआप सुधारेल. हा प्रयोग इंग्लंडमध्ये झालेला आहे. ब्रिस्टलजवळील विंटरबोर्न व्ह्यू ही संस्था बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांसाठी होती. कागदोपत्री ती रुग्णालय होती. प्रत्यक्षात काही जण तीन वर्षांहून अधिक काळ तेथे राहत होते. खाटा अवघ्या २४. सरकारी तिजोरीतून दर माणसामागे आठवड्याला सरासरी साडेतीन हजार पौंड मिळत. म्हणजे सर्व खाटा भरल्या तर वर्षाला चाळीस लाख पौंडांहून अधिक. मालक कंपनी एका खाजगी गुंतवणूक निधीच्या ताब्यात होती. मे २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने घेतलेली दृश्ये दाखविली तेव्हा लोकांना दिसले की रहिवाशांना मारले जात होते, फरफटवले जात होते, कपड्यांसकट थंड पाण्याखाली धरले जात होते. अकरा कर्मचारी दोषी ठरले, सहा तुरुंगात गेले. एका ज्येष्ठ परिचारकाने आधीच कंपनीला आणि सरकारी नियामक मंडळालाही कळविले होते. कोणी हालले नाही.

साडेतीन हजार पौंड गेले कोठे? ते हातांपर्यंत पोचले नाहीत. काळजी घेण्याचे बहुतेक काम अप्रशिक्षित, अल्पवेतनी, बारा बारा तासांच्या पाळ्या करणाऱ्या आणि सारख्या बदलणाऱ्या माणसांवर सोपविलेले होते. 'निवड करणारा ग्राहक' म्हणजे तेथे होता कोण? पैसे देणारे सरकारी कार्यालय शेकडो मैलांवर असू शके, आणि सेवा घेणारा माणूस दार उघडून बाहेर पडू शकत नव्हता. ज्या बाजारात विकत घेणारा एक, वापरणारा दुसरा, आणि वापरणाऱ्याला तोंड नाही, तेथे स्पर्धा दर्जासाठी होत नाही. खर्च कमी करण्यासाठी होते. त्याच २०११ साली ब्रिटनमधील सर्वांत मोठी वृद्धनिवास कंपनी, सदर्न क्रॉस, कोसळली. तिने इमारती विकून त्याच भाड्याने घेतल्या होत्या, आणि चढत्या भाड्याखाली ती दबली. सुमारे एकतीस हजार वृद्धांची घरे एका पडलेल्या ताळेबंदाला टांगली गेली. पुण्यामुंबईच्या आसपास जी नवी झगझगीत 'सीनियर लिव्हिंग' संकुले उभी राहत आहेत त्यांच्या प्रवर्तकांनी या कंपनीचा इतिहास अवश्य वाचावा. ग्राहकांनी तर त्याआधी वाचावा.

विल्यम बॉमॉल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात दाखविले की, ज्या कामात श्रम हेच फलित असते त्याची उत्पादकता कारखान्यासारखी वाढत नाही. चौघांनी वाजवावयाची संगीतरचना दोनशे वर्षांपूर्वी जितक्या माणसांनी वाजवली जाई तितक्याच माणसांनी आजही वाजवावी लागते. घास भरविण्यास १९५० साली अर्धा तास लागत होता, आजही लागतो. इतर क्षेत्रांत वेतन वाढत जाते, म्हणून काळजीचा खर्च तुलनेने चढतच राहणार. यात कोणाची अकार्यक्षमता नाही. दर अर्थसंकल्पात 'काटकसरीचे उपाय' सुचविणाऱ्या वित्त खात्याला हे कोणी तरी समजावून सांगितले पाहिजे, की या क्षेत्रातील काटकसर म्हणजे नेहमी साखळीच असते, तिचे नाव काहीही असो.

आणि संख्या तर वाढतच जाणार आहे. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या मतिमंद, मूकबधिर, अंध मुलांना आपले नाव देऊन वाढविले. बालगृहातील मुलाने अठरा वर्षे पूर्ण केली की त्याने संस्था सोडावी, असा शासकीय व्यवस्थेचा शिरस्ता. अठराव्या वाढदिवसाने बुद्धी येत नाही, दृष्टी येत नाही, आईबाप उगवत नाहीत. तेव्हा या मुलांच्या आजन्म पुनर्वसनाचा कायदा करा, ही पापळकरांची मागणी कित्येक वर्षांची आहे. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कायदा मिळाला नाही. सन्मान स्वस्त पडतो. महाराष्ट्राने २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला, देशात पहिला असा त्याचा गाजावाजाही झाला. अपंगाचे दिव्यांग केले, मतिमंदाचे 'विशेष' केले. नाव बदलण्यास एक परिपत्रक पुरते.

विभागाने आता करावयाचे काम नामकरणाहून नीरस आहे. प्रौढांच्या निवासगृहांचे अनुदान डोक्यामागे न देता मंजूर पदांमागे द्यावे, ते थेट काळजीवाहकांच्या खात्यात किमान वेतनाहून कमी नाही अशा दराने जमा करावे, आणि संस्था खाजगी असो, सरकारी असो वा धर्मादाय, या पदांवरील माणसांना नोकरीचे संरक्षण वेगळ्या राज्य कायद्याने द्यावे. त्यांना सहा महिन्यांचे वेतनासह प्रशिक्षण द्यावे. प्रत्येक घराच्या फाटकावर, देणगीदारांच्या नावांच्या फरशीशेजारी, आज कोणत्या पाळीत कोण कामावर आहे हे खडूने लिहिलेला फळा असावा, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्यालाही तो वाचता येईल. रहिवाशांचे नातेवाईक, गावातील शिक्षक, कामगार संघटनेचा एक प्रतिनिधी आणि शक्य तेथे स्वतः रहिवासी यांची समिती नेमावी व तिला न कळविता आत जाण्याचा अधिकार द्यावा. याला पैसा लागेल, आणि तो दरवर्षी थोडा अधिक लागेल. प्रारंभ मात्र पैशावाचून होऊ शकतो: राज्यातील सर्व नोंदणीकृत घरांची एक तपासणी एकाच दिवशी, रात्री दोन वाजता करावी, आणि प्रपत्रात दोनच रकाने ठेवावेत. आत किती माणसे आहेत, आणि त्यांच्यासाठी किती जण जागे आहेत.